पत्ता सांगणारे चार जण

भूमिकाला "नक्की होईल ना?" असं कोणी विचारलं की तिचं डोकं फिरायचं. होईल म्हटलं म्हणजे होईल, त्यात नक्की काय अन् कच्चं काय! धरमपेठेत एका चष्म्याच्या दुकानाच्या वर तिची एक खोली होती, आणि त्या खोलीत बसून ती दातांच्या डॉक्टरांपासून मंगल कार्यालयांपर्यंत किती तरी जणांच्या वेबसाइटी सांभाळायची. साइट बंद पडली की लोक आधी देवाला आठवायचे, मग भूमिकाला फोन लावायचे, आणि काम व्हायचं ते भूमिकाच्या फोननं. बाहेर तिचा असा दबदबा. घरचे मात्र अजून विचारायचे, की पोरी, जमून राहिलं ना तुले?

त्या दिवशी घरचेच समोर येऊन बसले होते. दिवाळी आठवड्यावर आलेली. नरखेडकडच्या गावाहून पहिल्या एसटीनं तिचे वडील गणपतराव आणि आई रंभाबाई दोघंही आले होते. सांगायला गणपतरावांचा डोळा दाखवायचा होता. खरी गोष्ट अशी, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कंपनीचं दिवाळीचं बुकिंग उघडणार होतं आणि म्हाताऱ्याला गावात बसवत नव्हतं. कंपनी म्हणजे काही मोठी भानगड नाही. आजूबाजूच्या गावांतल्या संत्रावाल्यांनी एकत्र येऊन काढलेली. बाग व्यापाऱ्याच्या हाती द्यायची नाही, पेट्या भरून थेट लोकांच्या घरी पाठवायच्या. गणपतराव तिचे अध्यक्ष, आणि कंपनीचं दुकान म्हणजे ती एक वेबसाइट.

रंभाबाईंनी पिशवीतली संत्री टेबलावर मांडली आणि बसल्या बसल्या एक सोलायलाही घेतलं. भूमिकानं स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "बाबा, साइटचं सर्टिफिकेट आज संध्याकाळी संपून राहिलं."

"मंग?"

"मग काही नाही. नवं घेते."

गणपतरावांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांची उभी हयात व्यापाऱ्यांशी भाव करण्यात गेलेली. 'काही नाही' म्हणणाऱ्या माणसाच्या कपाळावरची आठी त्यांना लगेच दिसायची.

आता सर्टिफिकेट म्हणजे काय, तर ब्राउझरच्या पट्टीत ते छोटं कुलूप दिसतं ना, ते. ही साइट खरोखर ह्यांचीच आहे, मध्ये कोणी भामटा बसलेला नाही, असं एक बाहेरची संस्था लिहून देते, तेही तीन महिन्यांपुरतं. मुदत संपली की ब्राउझर गिऱ्हाइकाला दारातच अडवतो. लाल पाटी, सावधान, पुढे जाऊ नका! अशी पाटी पाहून संत्र्याची पेटी कोण मागवणार? म्हणून मुदतीच्या महिनाभर आधीपासूनच मशीन आपणहून नवं सर्टिफिकेट आणायला जातं, माणसाला कळतही नाही. भूमिकाच्या सगळ्या साइटींचं असंच चालायचं, आणि कुठे अडलं तर तिच्या मोबाइलवर घंटी वाजायची. फक्त बापाच्या साइटला तिनं ती घंटी लावली नव्हती. घरचं काम, करू सावकाश! आधी गिऱ्हाइकांचं उरकू! गिऱ्हाइकांचं काही उरकलं नाही, आणि इकडे मशीन महिनाभर रोज सर्टिफिकेट मागत होतं आणि रोज नकार खात होतं. बुकिंगच्या आधी सगळं एकदा पाहून घेऊ म्हणून ती सकाळी बसली, तेव्हा हे कळलं. स्वतःला दोन शिव्या हासडून ती कामाला लागली होती.

"जवाईबापूले फोन लावू काय?" गणपतरावांनी हळूच विचारलं.

"काहून?"

"नाही, म्हंजे... साइट त्यायनंच बनवली होती ना."

झालं! हे आलंच. साइट पहिल्यांदा बनवली होती अंकितनं, म्हणजे भूमिकाच्या नवऱ्यानं. तेव्हा तो एका मित्राबरोबर होस्टिंगची, म्हणजे लोकांच्या साइटी सांभाळायची, छोटी फर्म चालवायचा. पुढे त्याला खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी लागली, फर्म मित्राकडे राहिली, आणि साइटकडे पाहायला कोणी उरलं नाही. यंदाच्या पावसाळ्यात ती पार ढेपाळली, तेव्हा भूमिकानं संचालकांच्या बैठकीत जाऊन सरळ सांगितलं, की हे काम माझ्याकडे द्या. दिलं त्यांनी. पण चंपतराव म्हणून एक संचालक होते, ते दिल्यावरही बोललेच. "पोट्टी हुशार हाय, नाही म्हनत नाही. पन दिवाळीत काही गडबड झाली, तं काम बाहेरच्या एजन्सीले देऊ. मंग कोनी वाईट वाटून घ्याचं नाही." आणि गणपतराव, सख्खा बाप, त्यावर नुसती मान हलवून गप्प बसले होते. भूमिकाला चंपतरावांचा राग आला नव्हता. बापाचा आला होता. उद्या लाल पाटी लागली तर काम हातचं जाणार, आणि पोरीच्यानं झालं नाही हे बाप जन्मभर मनात ठेवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"लावा फोन," ती म्हणाली. "पण तो ड्यूटीवर आहे. कंट्रोल रूममध्ये मोबाइल नेता येत नाही. शिफ्ट सुटल्याशिवाय उचलणार नाही, अन् तोवर मी काम करूनही टाकीन."

गणपतरावांनी तरी लावलाच. एकदा, मग पुन्हा एकदा. कोणी उचलला नाही.

भूमिकानं मशीनला हातानं हुकूम सोडला. मशीन गेलं आणि हात हलवत परत आलं. म्हणालं, तपासणीचा शब्द सापडला नाही.

रंभाबाईंनी संत्र्याची फोड लेकीच्या तोंडाशी धरली. "कोन्ता शब्द वं?"

"आई, ते सर्टिफिकेट देणारे असंच कोणालेही देत नाहीत. ते म्हणतात, साइट तुझी ना? मग हा आम्ही दिलेला शब्द तुझ्या पत्ता सांगणाऱ्याजवळ ठेव. आम्ही येऊन त्याले विचारू. त्यानं बरोबर सांगितला, तर घर तुझंच म्हणून मानू. दर वेळी शब्द नवा. ठेवायचं काम माझं मशीन करते."

"अन् पत्ता सांगनारा कोन?"

"नेमसर्व्हर म्हणतात त्याले. साइटचं नाव घेऊन कोणी आलं, की ती कोणत्या मशीनवर आहे ते तो सांगतो. आपल्या साइटचे दोन आहेत, दोन्ही माझ्याकडचे."

"अन् सोप्या रीतीनं नाही का देत ते?"

"देतात ना, एकट्या साइटले. पण आपण एकेका गावाच्या बागेले वेगळं पान अन् वेगळं नाव दिलं. त्या साऱ्या नावांले मिळून एकच सर्टिफिकेट पाहिजे, अन् ते फक्त असंच भेटते."

गणपतराव खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहू लागले. खाली पाहण्यासारखं काही नव्हतं.

भूमिकानं आधी आपलं घर तपासलं. मशीननं शब्द ठेवला होता का? ठेवला होता, अक्षरन् अक्षर बरोबर. ठेवायची परवानगी कुठे संपली होती का? नाही, तीही शाबूत. मग तपासणारे फार लवकर येत असतील, शब्द दोघांजवळ पोचायच्या आतच. तिनं मशीनला सांगितलं, ठेवलास की जरा थांब, मग त्यांना बोलाव. मशीन थांबलं, बोलावलं, आणि पुन्हा नकार घेऊन आलं.

इथे तिनं हात मागे घेतला. दुसरं कोणी असतं तर घामाघूम होऊन तेच बटण दाबत बसलं असतं. पण त्या संस्थेचा नियम आहे, लागोपाठ नापास होत राहिलात की ते तासभर दारच लावून घेतात. आज ते परवडणारं नव्हतं. सरावासाठी त्यांनीच एक वेगळं दार ठेवलेलं असतं, तिथे कितीही धडका मारा. भूमिकानं मशीन त्या दारावर नेऊन उभं केलं आणि नव्यानं विचार करायला बसली.

तेवढ्यात गणपतरावांचा मोबाइल वाजला. चंपतराव. त्यांचा आवाज स्पीकर न लावताही खोलीभर ऐकू यायचा.

"काहो अध्यक्ष, पोट्टीकडं गेले म्हने! समदं बराबर हाय ना? उद्या सकाळी लोक साइट उघडतीन."

"हो हो, बराबर... म्हंजे तिचं चालूच हाय..."

भूमिकानं बापाच्या हातून मोबाइल घेतला. "काका, उद्या साइट चालू राहील. तुम्ही पेट्या भरून ठेवा, ऐन वेळी माल कमी नका पडू देऊ." आणि मोबाइल परत बापाच्या हातात ठेवला.

रंभाबाई खुश झाल्या. पण आईचंच मन ते. "एवढ्या तोऱ्यात बोलली, होईन ना वं नक्की?"

"आई!"

"बरं बाई, बरं. नाही विचारत."

आता भूमिकानं एक साधीच गोष्ट केली. सर्टिफिकेटवाले राहू देत बाजूला, म्हटलं, आपणच वाटसरू होऊन आपल्या साइटचा शब्द विचारून पाहू. लॅपटॉपवरून विचारला. आहे. मोबाइलच्या नेटवरून विचारला. नाही. पुन्हा विचारला. आहे! पुन्हा विचारला, नाही. ती खुर्चीला टेकून मोठ्यानं हसली.

"काय झालं वं?" गणपतराव दचकले.

"सापडलं, बाबा. शब्द हरवलेला नाही. घडीत आहे अन् घडीत नाही, म्हणजे आपण विचारून राहिलो तो माणूसच दर वेळी वेगळा आहे."

ती थेट वरपर्यंत गेली. देशातल्या साऱ्या साइटींची नावं जिथे नोंदवलेली असतात, तिथल्या मशीनलाच विचारलं, की आमच्या कंपनीचा पत्ता सांगणारे कोण कोण आहेत? मशीननं दोन नावं सांगितली नाहीत. चार सांगितली. दोन भूमिकाची. उरलेल्या दोन नावांत तिच्या नवऱ्याच्या जुन्या फर्मचं नाव होतं.

भूमिका पाहतच राहिली. ही दोन नावं तिनं पावसाळ्यात काढवून घेतली होती, आणि तीही बापाच्याच हातानं. साइटचं नाव कंपनीच्या अध्यक्षाच्या ताब्यात राहिलं पाहिजे, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर आला पाहिजे, हा तिचाच हट्ट. म्हणजे जगात एकच माणूस ती नावं परत जोडू शकत होता, आणि तो माणूस खिडकीतून रस्ता पाहत होता.

"बाबा."

"हं."

"हे चार कसे झाले?"

रंभाबाईंनी सालं गोळा करत म्हटलं, "सांगा आता. म्या तवाच म्हटलं होतं, पोरीले विचारून करा."

मग निघालं सगळं. यंदा अधिक श्रावण आला होता. धोंड्याचा महिना, जावयाच्या मानाचा. अंकितला जेवायला बोलावलं, अनारशांचं वाण दिलं, कपडे केले. पंगतीला चार पाहुणे होते. त्यातल्या कोणी तरी विचारलं, काय जवाईबापू, कंपनीची साइट तुमचीच ना? आणि अंकित हसत हसत म्हणाला, "होती. मामाजींनी काढलं आमचं नाव." पोरगा थट्टेनं बोलून गेला आणि दुसरा अनारसा उचलला. इकडे गणपतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. एका हातानं जावयाला वाण द्यायचं आणि त्याच महिन्यात दुसऱ्या हातानं त्याचं नाव पुसायचं? पाहुणे काय म्हणतील, व्याही काय म्हणतील? मंडळी गेल्यावर त्यांनी मोबाइल हातात घेतला. भूमिकानं नावं काढायला शिकवली होती, तिथेच नावं जोडायचंही बटण होतं. म्हाताऱ्यानं ते तेव्हाच पाहून ठेवलेलं! अंकितच्या जुन्या मेसेजमधून दोन्ही नावं उचलली, ओटीपी टाकला, आणि जावयाचा मान जिथल्या तिथे बसवून निवांत झोपले.

"तुही नावं तं काढली नाही ना म्या," गणपतराव म्हणाले. "तुही दोन, त्यायची दोन. म्या म्हटलं, विहिरीवर दोन मोटरी असल्या तं बरंच हाय. एक जळली तं दुसरी पानी देते. अन् इतके दिवस साइट चाललीच ना?"

भूमिकाला राग यायला हवा होता, पण आधी हसूच आलं. बापाचं डोकं चालत नाही असं कोण म्हणेल! "चालली, कारण मी साइट जागची हलवली नाही. कंपनीच्या नावानं भाड्यानं घेतलेल्या त्याच मशीनवर ठेवली. म्हणून चौघंही पत्ता एकच सांगतात, कोणाच्या लक्षात येत नाही. पण तो तपासणीचा शब्द फक्त माझ्या दोघांजवळ असतो, बाबा. अंकितच्या दोघांले त्याची खबरच नाही. तपासणारे वेगवेगळ्या देशांतून येतात, कोण कोणाले विचारील सांगता येत नाही. त्यातल्या दोघा-तिघांले 'मले माहीत नाही' असं ऐकू आलं, की झालं. मोटरी दोन आहेत तुमच्या, पण विहिरीही दोन आहेत. अन् एक कोरडी आहे."

गणपतरावांना हे चटकन समजलं. समजलं तसा त्यांनी तोडगाही काढला. "मंग सोपं हाय! जवाईबापूची शिफ्ट सुटली का त्यायले सांगू. ते आपल्या दोघायजवळ ठेवतीन तो शब्द. कोनाले काढाचं कामच नाही."

तोडगा खोटा नव्हता. आजच्या दिवसापुरता चालूनही गेला असता, आणि कोणाचं मन दुखलं नसतं. भूमिकानं तो क्षणभर मनात घोळवला आणि टाकून दिला.

"अन् तीन महिन्यांनी? पुन्हा नवा शब्द, पुन्हा अंकितची शिफ्ट सुटायची वाट पाहायची? अन् ते दोघं आता अंकितचेही नाहीत, त्याच्या मित्राचे आहेत. मित्रानं उद्या आपली जुनी नोंद पुसली, तर अर्ध्या लोकांले साइट सापडणारच नाही. नाही बाबा. ते काढायचे. तुम्ही तुमच्या हातानं जोडले, तुमच्याच हातानं काढा."

गणपतरावांनी मोबाइल काढला. स्क्रीन उघडली. मग पुन्हा खिशात टाकला.

"आज नोको. दिवाळी होऊन जाऊ दे. भाऊबीजेले ते येतीन, तवा समजावून सांगू."

"भाऊबीजेपर्यंत संत्री पेट्यांत सडतील!"

"अवं पन..."

रंभाबाईंनी सालांची पिशवी खाली ठेवली. इतका वेळ त्या गंमत पाहत होत्या, आता आवाज बदलला. "खरं काहून नाही सांगत तिले? जवाईबापूचा मान, जवाईबापूचा मान! जवाईबापू तं दुसऱ्या दिवशी इसरूनही गेले असतीन. तुमाले झोप काहून नव्हती येत, ते सांगा."

गणपतरावांनी बायकोकडे रागानं पाहिलं. मग तो राग टिकला नाही. ते टेबलावरच्या संत्र्यांकडे पाहत बोलले.

"इतक्या लोकायचा माल हाय, पोरी. सालभराची मेहनत. म्या म्हटलं, तुह्याकडून काही चुकलं, तं मागं कोनी तरी असावं."

भूमिकाचे कान तापले. चंपतराव बोलले असते तर तिनं दोन फटकारे देऊन विषय संपवला असता. पण हा बाप होता. बारावीला पहिली आली तेव्हा गावभर पेढे वाटत फिरणारा, आणि आता तिच्या कामामागे गुपचूप दुसरा माणूस उभा करणारा. तिला ते फार लागलं. तिनं खुर्ची बापाकडे वळवली.

"मागे कोण होतं, बाबा? ज्यांले तुम्ही मागे उभं केलं ना, त्यांनीच मले महिनाभर पाडलं. मी रोज बरोबर शब्द ठेवून राहिली, अन् ते रोज सांगून राहिले, माहीत नाही म्हणून! माझ्यामागे कोणी नको. मी पुरते. अन् नाही पुरत असं वाटत असेल, तर माझ्या तोंडावर सांगा. मी आजच्या आज काम सोडते. पण चार लोकांत मान हलवून गप्प नका बसू, अन् रात्री लपून नावं नका जोडू."

आवाज शेवटी कापला. तिला त्याचाही राग आला.

गणपतरावांनी मोबाइल पुन्हा काढला, दुखऱ्या डोळ्यापासून दूर, दुसऱ्या डोळ्याजवळ धरला, आणि बोटानं एकेक पान सरकवत त्या जागी गेले.

"हे खालचे दोन ना?"

"हो."

"दोन्ही काढू?"

"दोन्ही."

त्यांनी पहिलं काढलं. दुसरं काढलं. ओटीपी आला, तो त्यांनी स्वतःच वाचून टाकला, लेकीला विचारलं नाही. शेवटचं बटणही दाबलं.

भूमिका वरच्या मशीनला विचारत राहिली, आमच्याकडचे पत्ता सांगणारे कोण? चार. थोड्या वेळानं, चार. रंभाबाईंनी आणखी एक संत्रं सोलून तिघांत वाटलं. मग उत्तर आलं, दोन. भूमिकानं लगेच खरं दार ठोठावलं नाही. आधी सरावाच्या दारावर मशीन पाठवलं. मशीननं शब्द ठेवला, तपासणारे आले, विचारून गेले. पास! मग खऱ्या दारावर. गणपतराव उठून तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले. तिथेही पास. भूमिकानं साइट उघडून दाखवली. कुलूप जागेवर होतं आणि मुदत पार फेब्रुवारीपर्यंत गेली होती. तिनं त्याच बैठकीत बापाच्या साइटला घंटीही लावून टाकली.

"झालं?" रंभाबाई.

"झालं."

गणपतरावांनी एक लांब श्वास सोडला. तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर अंकितचं नाव आलं. शिफ्ट सुटली होती आणि सासऱ्याचे फोन येऊन गेलेले पाहून पोरगा घाबरला असणार. भूमिकानं हात पुढे केला, की द्या, मी सांगते. नवऱ्याला सांगायचं म्हणजे काय मोठी गोष्ट! पण गणपतरावांनी मोबाइल दिला नाही. ते उभेच होते. त्यांनी टोपी सारखी केली आणि फोन उचलला.

"जवाईबापू, सगळे बरे हाओ. काळजी नका करू. एक सांगाचं होतं. कंपनीच्या साइटवरची तुमची दोन्ही नावं आज म्या काढली."

अंकित मनानं चांगला होता, पण आपलं नाव काढलं हे ऐकायला कोणाला गोड वाटतं? "काही चुकलं का मामाजी माझं?" त्यानं विचारलं.

"तुमचं काही नाही चुकलं. माहं चुकलं. पह्यले काढली होती, मंग म्या लपून परत जोडली. तुमचा मान म्हून जोडली असं लोकायले सांगता आलं असतं, पन तसं नव्हतं. पोरीवर माहा भरवसा कमी पडला." गणपतरावांनी लेकीकडे पाहिलं. "साइट भूमिका पाह्यते, जवाईबापू. एकटी पाह्यते. त्या दिवशी पंगतीत तुमी बोलले, तवाच चार पाहुन्यायपुढं मले हे सांगता आलं पाहिजे होतं. तवा नाही सांगितलं, म्हून आता सांगून राहिलो."

अंकित काय म्हणाला ते भूमिकाला नीट ऐकू आलं नाही. आवाज अवघडलेला होता, पण शेवटी "बरं केलं मामाजी" एवढं कानावर आलं. मित्राला सांगून जुनी नोंद बंद करून टाकतो, असंही काही तरी म्हणाला. गणपतराव म्हणाले, "सांगून देजा," आणि फोन ठेवला.

भूमिकाला स्क्रीन दिसेना. डोळे भरून आले होते, आणि ती ते पुसायचं सोडून माउस इकडून तिकडे सरकवत बसली होती.

"आता काहून रडून राहिली वं?" रंभाबाई म्हणाल्या. "झालं ना समदं?"

"झालं ना. म्हणूनच."

गणपतरावांचा मोबाइल पुन्हा वाजला. चंपतराव. त्यांनी उचलला आणि समोरच्याला सुरूच करू दिलं नाही.

"चंपतराव, साइटचं मले काही विचारू नका. मले त्यातलं समजत नाही. साइट पोरीकडं हाय, तिले विचाराचं. नंबर सांगतो, घ्या." त्यांनी भूमिकाचा नंबर पाठ म्हणून दाखवला, एकदा नाही, दोनदा, आणि फोन बंद करून खिशात टाकला.

मग टेबलावरचा भूमिकाचा मोबाइल वाजला. तिनं ओढणीनं तोंड पुसलं, खुर्ची सरळ केली, आणि उचलला.

"बोला, काका."